भावाच्या डोक्याला मार लागल्यानंतर अंदाज कसा बदलत गेला

२०२३ च्या जुलैत, पावसाच्या एका रात्री, माझ्या धाकट्या भावाची मोटारसायकल घोडबंदर रोडवर पातलीपाड्याच्या अलीकडे पाण्याने भरलेल्या खड्ड्यात आदळली. तो तेव्हा २९ वर्षांचा होता. हेल्मेट डोक्यावर होते, पण हनुवटीखालचा पट्टा लावलेला नव्हता. त्यामुळे पडताना आधी हेल्मेट निघून गेले आणि मग डोके दुभाजकावर आपटले. पुढचे अठरा महिने आमच्या घरात एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला गेला. तो वाचेल का, शुद्धीवर येईल का, आम्हाला ओळखेल का, पुन्हा कामावर जाईल का. त्या प्रश्नाचे उत्तर डॉक्टर कशावरून देतात आणि कोणत्या दिवशी कोणते उत्तर मागण्यात अर्थ असतो, हे मला फार हळूहळू कळले. आज एखाद्या अतिदक्षता विभागाच्या बाहेर बाकड्यावर बसलेल्या माणसाला ते थोडे लवकर कळावे, म्हणून लिहीत आहे.

पहिल्या तासाबद्दल मला जे माहीत आहे ते सगळे इतरांकडून कळलेले आहे. एका टेम्पोचालकाने गाडी थांबवली. पोलिसांच्या चौकशीची त्याला भीती वाटत होती, असे त्याने नंतर मला सांगितले. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे, हे त्याला ठाऊक नव्हते, तरीही त्याने भावाला उचलून जवळच्या एका लहान नर्सिंग होममध्ये पोहोचवले. तिथे सीटी स्कॅन नव्हता. पण रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरांनी घशातून श्वासनलिकेत नळी घातली, ऑक्सिजन लावला, सलाइन सुरू केले आणि एका चिठ्ठीवर वेळेसह आकडे लिहून दिले. आल्यावर ऑक्सिजन ८४, रक्तदाब वरचा ८८. निघताना ऑक्सिजन ९७, रक्तदाब ११८. शस्त्रक्रिया करणाऱ्या न्यूरोसर्जननी त्या रात्री सगळ्या कागदांतून आधी तीच चिठ्ठी उचलून वाचली. मेंदूला पहिली इजा आपटण्याच्या क्षणी होते आणि ती कोणालाच परतवता येत नाही. दुसरी इजा पुढच्या काही तासांत ऑक्सिजन कमी पडल्याने आणि रक्तदाब घसरल्याने होते, आणि वरचा रक्तदाब एकदा जरी ९० च्या खाली गेला तरी पुढची आशा कमी होते, हे त्यांनी मला समजावून सांगितले. वाटेत भावाला आधी ज्या रुग्णालयात नेले, तिथे खाट शिल्लक नाही एवढे सांगायला पंचवीस मिनिटे घेतली गेली. त्या पंचवीस मिनिटांचा राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही. त्या डॉक्टरांनी आधीच नळी घातलेली होती म्हणूनच तो वेळ निभावला, असे मी मानते.

मी पोहोचले तेव्हा एक डॉक्टर त्याच्या बोटाच्या नखावर पेन आडवे धरून दाबत होते. मला ते निर्दयपणाचे वाटले. भावाने डोळे उघडले नाहीत, आवाज केला नाही, पण हात किंचित मागे ओढून घेतला. डॉक्टरांनी लगेच कागदावर लिहिले: डोळे १, बोलणे १, हालचाल ४, एकूण ६. बोलण्याच्या आकड्यापुढे त्यांनी ‘टी’ हे अक्षर लिहिले, कारण घशात नळी असलेला माणूस बोलू शकत नाही आणि तो १ खरा धरता येत नाही. हेच ते ग्लासगो कोमा स्केल, जे ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ साली मांडले. कमीत कमी ३, जास्तीत जास्त १५, आणि ८ किंवा त्याखाली म्हणजे गंभीर इजा. आम्ही सगळे त्या सहाच्या आकड्याला धरून रडत बसलो होतो, पण डॉक्टरांचे लक्ष त्यातल्या चारावर होते. बेरजेपेक्षा हालचालीचा आकडा पुढचे अधिक सांगतो. दुखवल्यावर हात मागे घेणारा रुग्ण आणि दुखवल्यावर हातपाय ताठ करणारा रुग्ण यांत फार मोठे अंतर असते.

त्यानंतर त्यांनी डोळ्यांत टॉर्च मारला. उजवी बाहुली चटकन आकसली. डावी मोठी होती आणि उशिराने, जेमतेम आकसली. दोन्ही बाहुल्या प्रकाशाला दाद देत नसतील तर परिस्थिती फार वाईट असते. एक मंद असेल तर त्या बाजूला दाब वाढत आहे आणि घाई करायला हवी, असा त्याचा अर्थ. सीटीमध्ये डाव्या बाजूला मेंदूच्या आवरणाखाली रक्त साचलेले दिसले, कपाळामागच्या भागात ओरखडल्यासारखे डाग होते आणि मेंदूची मधली रेषा ९ मिलिमीटर उजवीकडे सरकलेली होती. पाच मिलिमीटरच्या वर सरकणे ही धोक्याची गोष्ट असते. पहाटेच्या आत कवटीचा डावीकडचा तुकडा काढून रक्त साफ करण्यात आले आणि तो तुकडा पोटाच्या त्वचेखाली ठेवण्यात आला. संमतीपत्रावर सही करताना मी विचारले, “सर, किती टक्के?” ते म्हणाले, “ताई, आज रात्री मला फक्त जिवाचं विचारा. बाकीचं उत्तर आज कोणाकडेच नाही. कोणी दिलं तर विश्वास ठेवू नका.”

मी ऐकले नाही. दुसऱ्या रात्री दोन वाजता मोबाइलवर शोधता शोधता मला असे एक गणकयंत्र सापडले, ज्यात वय, ग्लासगोचा आकडा, बाहुल्या, इतर मोठ्या जखमा आणि सीटीतले दोष भरले की चौदा दिवसांत मृत्यूची आणि सहा महिन्यांनी मृत्यू किंवा मोठ्या परावलंबनाची शक्यता टक्क्यांत मिळते. रुग्ण कोणत्या देशातला आहे, हेही ते विचारते. कारण त्याच जखमेचा शेवट श्रीमंत देशात आणि आपल्यासारख्या देशात सारखा होत नाही. मी सगळे भरले. आलेला आकडा मी इथे लिहिणार नाही, पण तो पाहून मी सकाळपर्यंत जिन्यात बसून होते. सकाळी डॉक्टरांना तो दाखवला. त्यांनी तो खोटा म्हटला नाही. “हा आकडा अशा शंभर जणांबद्दल आहे,” ते म्हणाले, “तुमचा भाऊ त्या शंभरातल्या कोणत्या गटात बसेल, ते हे यंत्र सांगत नाही. मला तो बरोबर वाटतो, पण त्यावरून मी उपचार थांबवणार नाही आणि तुम्ही आशा थांबवू नका.” हजारो रुग्णांच्या नोंदींतून बनलेला अंदाज आणि समोरच्या खाटेवरचा एक माणूस, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या सरळपणे मला आधी कोणी सांगितले नव्हते.

त्याच आठवड्यात मामांनी हट्ट धरला की मेंदूची सूज उतरवायला स्टेरॉइडचे इंजेक्शन द्यायला लावा; त्यांच्या ओळखीतल्या कोणाला तरी पूर्वी दिले होते. पूर्वी खरोखरच देत असत. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, दहा हजारांहून अधिक रुग्णांच्या ‘क्रॅश’ या चाचणीत असे दिसले की डोक्याला मार लागलेल्यांना स्टेरॉइड दिल्याने मृत्यू वाढतात, आणि ती पद्धत बंद झाली. ज्या गणकयंत्राने मला रात्रभर रडवले, ते याच चाचणीतल्या रुग्णांच्या नोंदींवर उभे आहे, हे मला पुढे कळले.

पहिल्या दहा दिवसांत अंदाज असा काही पुढे सरकलाच नाही. त्याला औषधाने झोपवून ठेवले होते आणि झोपेच्या औषधाखाली असलेल्या माणसाची शुद्ध तपासता येत नाही. कवटीच्या आत दाब मोजणारी तार होती. पडद्यावरचा आकडा २२ च्या वर राहिला की परिचारिका धावत येत. डोके तीस अंश वर, मान सरळ, ताप येऊ द्यायचा नाही, रक्तातले सोडियम आणि साखर सांभाळायची, सातव्या दिवसापर्यंत आकडी न येण्याचे औषध. दहाव्या दिवशी गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी तिथून घातली. डोक्याच्या पट्टीवर मोठ्या अक्षरांत ‘नो बोन’ असे लिहिलेले होते, म्हणजे कूस बदलताना त्या बाजूवर कोणी भार देऊ नये. या काळात नातेवाइकांनी “काही फरक?” असे विचारू नये, असे मला मनापासून वाटते, कारण फरक न पडू देणे हेच तिथे चाललेले काम असते.

शेजारच्या खाटेवर साठी उलटून गेलेले एक गृहस्थ होते. न्हाणीघरात पाय घसरून पडले होते, आले तेव्हा थोडेफार बोलत होते, त्यांचा आकडा १३ होता. त्यांच्या मुलीला मी मनातल्या मनात भाग्यवान समजत होते. पण वय आणि हृदयासाठी चालू असलेली रक्त पातळ करणारी गोळी, या दोन्ही गोष्टी त्यांच्या विरुद्ध गेल्या. डोक्यातला रक्तस्राव वाढत राहिला आणि नवव्या दिवशी ते गेले. वय वाढते तशी पुढची आशा कमी होत जाते, हे मी वाचले होते. त्या मुलीला लिफ्टपर्यंत सोडायला गेले तेव्हा ते वाक्य मला खऱ्या अर्थाने कळले.

बाराव्या दिवशी भावाने डोळे उघडले. आईने कोपिनेश्वराला नारळ वाढवला आणि सगळ्यांना फोन केले. मी डॉक्टरांकडे पाहिले तर त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता, पण आईएवढा नव्हता. डोळे उघडणे म्हणजे झोप आणि जाग यांचे चक्र परत येणे. पाहणे ही वेगळी गोष्ट आहे, असे ते म्हणाले. याच सुमारास एमआरआय झाले, त्यात सीटीत न दिसलेले बारीक बारीक डाग मेंदूच्या दोन अर्धांना जोडणाऱ्या पट्ट्यात सापडले, म्हणजे धक्क्याने आतले तंतू ताणले जाऊन तुटले होते. मेंदूच्या खोडात मात्र डाग नव्हता, आणि डॉक्टरांनी ते वाक्य मुद्दाम दोनदा उच्चारले.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला आईच्या पर्समधला छोटा आरसा आणायला सांगितला. माणूस इतर कशापेक्षाही स्वतःच्या चेहऱ्याकडे लवकर पाहू लागतो, म्हणून तपासायला आरसाच वापरतात. मी तो त्याच्या तोंडासमोर धरून हळूहळू डावीकडे नेत असे, मग उजवीकडे. पाच दिवस त्याची नजर छतावरून हलली नाही. अठराव्या दिवशी संध्याकाळी आरशाबरोबर बुबुळे डावीकडे सरकली, अडखळली, पुन्हा सरकली. मी आरसा परत मध्ये आणला, ती परत आली. माझा हात इतका थरथरत होता की बाईंनी आरसा स्वतःकडे घेऊन पुन्हा करून पाहिले. चोविसाव्या दिवशी “अंगठा वर कर” म्हटल्यावर अंगठा वर झाला. एकदा झाला म्हणून मोजायचा नसतो. चारदा सांगायचे, दर वेळी थांबायचे, आणि किमान तीनदा झाला तर तो हुकूम पाळला असे धरायचे. त्या दिवशी चारपैकी दोनदा झाला. दोन दिवसांनी चारपैकी तीनदा. मी वहीत दोन्ही लिहिले आहे, कारण खोटे लिहिले असते तर पुढचे काहीच खरे राहिले नसते.

आम्हाला वाटले, आता सुटलो. प्रत्यक्षात सर्वांत कठीण काळ त्यानंतर आला. गळ्यातली नळी निघाल्यावर तो बोलू लागला, पण तो ठाण्यात नव्हता. कधी तो अलिबागला मावशीकडे असे, कधी महाप्याच्या ऑफिसात. मला आई म्हणे आणि आईला “या बाई कोण?” विचारी. अंगावरच्या नळ्या ओढे, शिव्या देई, रात्रभर ओरडे. त्याच्या हातांना मऊ मोजे बांधावे लागले. सकाळी भेटून गेलेला मित्र दुपारी त्याच्या लेखी आलेलाच नसे. आईला वाटले, मुलगा वाचला पण वेडा झाला. याला इजेनंतरचा विस्मृतीचा काळ म्हणतात, हे तेव्हा आम्हाला कोणी वेळेवर सांगितले असते तर आईच्या कितीतरी रात्री वाचल्या असत्या. हा काळ अपघाताच्या क्षणापासून मोजतात, बेशुद्धीचे दिवस धरून, आणि रोजच्या आठवणी सलग टिकू लागेपर्यंत तो संपला असे म्हणत नाहीत. माणूस पुन्हा काम करू शकेल का, स्वतःचे स्वतः पाहू शकेल का, याबद्दल या काळाची लांबी पहिल्या रात्रीच्या आकड्यांपेक्षा जास्त विश्वासाने सांगते. चार आठवड्यांच्या वर गेला तर इजा अतिगंभीर.

ऑक्युपेशनल थेरपिस्टनी मला रोज सकाळी विचारायचे प्रश्न लिहून दिले: तुझे वय किती, आज वार कोणता, महिना कोणता, आपण कुठे आहोत, आणि तीन चित्रे, जी दाखवून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी विचारायची. उत्तर चुकले तर वाद घालायचा नाही, शांतपणे बरोबर ते सांगायचे. एकोणपन्नासाव्या दिवशी मी डबा उघडत असताना तो म्हणाला, “ताई, काल शिरा आणला होतास. बेदाणे जास्त होते.” मी आदल्या दिवशी खरोखर शिरा नेला होता, आणि त्याला बेदाणे आवडत नाहीत म्हणून त्याने ते वेचून ताटलीच्या कडेला ठेवले होते. त्यानंतर सलग तीन दिवस तिन्ही चित्रे बरोबर आली, तेव्हा थेरपिस्टनी वहीत रेघ मारली. सात आठवडे. डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितले की तो चालेल, बोलेल, घरात स्वतःचे करेल असे आता त्यांना वाटते. पूर्वीच्या वेगाने पूर्वीचेच काम करेल असे त्यांना वाटत नाही. आणि पहिल्या सहा महिन्यांत सुधारणा सर्वांत झपाट्याने होते, पण दोन वर्षांपर्यंत आणि त्यापुढेही ती थांबत नाही, म्हणून व्यायाम सोडायचा नाही. पहिल्या रात्री मागितलेले उत्तर मला त्या दिवशी मिळाले. ते त्याआधी खरोखरच कोणाकडे नव्हते.

नौपाड्यातल्या घरी आल्यावर ज्या गोष्टींनी फरक पडला त्या कोणत्याच गणकयंत्रात नव्हत्या. आई निवृत्त होती, म्हणून चोवीस तास माणूस होते. मी शाळेतून बिनपगारी रजा घेऊ शकले. त्याच्या आजारी रजेचे पैसे काही महिने मिळाले, म्हणून फिजिओथेरपी आणि स्पीच थेरपी आठवड्यातून पाच दिवस चालू राहिली. आमच्यासोबत सुटी मिळालेल्या एका रिक्षाचालकाच्या मुलाची थेरपी पैशांअभावी तिसऱ्या महिन्यात बंद पडली. त्याची पहिल्या रात्रीची स्थिती माझ्या भावापेक्षा बरी होती, आणि वर्षभरानंतर तो माझ्या भावाच्या मागे राहिला. याची मला लाज वाटते की अपराधीपणा, ते नक्की सांगता येत नाही, पण ही गोष्ट सोडून देऊन बरे होण्याबद्दल लिहिणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

चौथ्या महिन्यात कवटीचा तुकडा परत बसवला आणि त्यानंतर तो अधिक सरळ, अधिक झपझप चालू लागला. पाचव्या महिन्यात एकदा आकडी आली, त्यामुळे आकडीचे औषध पुन्हा सुरू झाले आणि गाडी चालवणे बंद झाले. त्याचा वास गेला आहे. एकदा गॅसवर दूध उतू जाऊन करपले तरी तो शेजारच्याच खुर्चीत पेपर वाचत बसला होता, त्या दिवशी आम्हाला ते समजले. दोन माणसे एकदम बोलू लागली की तो चिडतो. दुपारी तीनच्या सुमारास त्याचा मेंदू थकतो, चेहरा पांढरा पडतो आणि त्याला अंधाऱ्या खोलीत झोपावे लागते. पूर्वी तो घरातला सगळ्यांत शांत मुलगा होता.

बरे होण्याचे मोजमाप करायलाही एक श्रेणी आहे. ग्लासगोच्या जेनेट आणि बाँड यांनी १९७५ साली ती पाच पायऱ्यांची केली, आता तिच्या आठ पायऱ्या वापरतात. पहिली मृत्यूची, आठवी पूर्ण बरे होण्याची. तिच्यातले प्रश्न अगदी साधे आहेत: हा माणूस आठ तास घरी एकटा राहू शकतो का, दुकानात जाऊन सामान आणू शकतो का, एकटा प्रवास करू शकतो का, पूर्वीचे काम करतो का. सहा महिन्यांनी तो चौथ्या पायरीवर होता: एकटा राहत असे, पण गोखले रोडवरून भाजी आणताना सुट्या पैशांचा हिशेब चुकत असे आणि घरी परतताना गल्ली चुकत असे. वर्षाने पाचवी.

अठराव्या महिन्यात त्याच्या कंपनीने त्याला आठवड्यातून तीन दिवस, दुपारी दोनपर्यंत, हलके काम दिले. पहिले दोन आठवडे मी त्याच्याबरोबर ठाणे स्टेशनवरून घणसोलीपर्यंत ट्रान्स हार्बरच्या गाडीने जात होते आणि त्याच्यापासून दोन बाके दूर बसत होते. तिसऱ्या सोमवारी तो म्हणाला, “ताई, आज तू जिन्यावरच थांब.” मी दहा नंबरच्या जिन्यावर थांबले. तो खाली उतरला, गाडी वाशीची आहे की पनवेलची ते फलकावर दोनदा वाचले, शेजारच्या माणसाला विचारून खात्री केली आणि चढला. ऐरोलीला, मग रबाळ्याला, मग घणसोलीला, असे त्याचे तीन मेसेज आले. पुढच्या तपासणीत सहाव्या पायरीवर खूण झाली.